भर दिवसाचा दिवा

उस्मान,

तुझ्यावर तीन मुठी माती टाकायची होती; मी चार टाकल्या. चौथी चुकून. मोजायचं भान राहिलं नाही. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पेंटर, बास." आणि तशा वेळीही दोघातिघांनी तोंडाला उपरणं लावलं, ते काही दुःखानं नव्हे. मला राग आला नाही. भोरात माझा धंदा पाट्या रंगवण्याचा असला तरी ख्याती चुकण्याची आहे, आणि ती तुझ्या मयतीतही माझ्यामागून आली, एवढंच. पण सवयीनं मी बाजूला वळून पाहिलं, तू हसतोयस का ते बघायला. माझ्या फजितीला सगळ्यांत आधी हसायचा मान तुझा. बाजूला कुणी नव्हतं. तू खाली होतास.

आज त्याला बारा दिवस झाले. समोर तुझं दुकान बंद आहे. कुंकू, नाडे, दोरे, काकणं, अत्तर, सगळं आत कोंडून पडलंय. फळ्यांच्या फटीतून वास तेवढा बाहेर येतो, आणि तोही रोज थोडा कमी. संध्याकाळी ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून मी उठतो, रस्ता ओलांडतो, तुझ्या पायरीपर्यंत जातो आणि मग आठवतं. बारा दिवसांत नऊ वेळा गेलो. उरलेले तीन दिवस मला ताप होता.

"लोकांना आधी तुझा वास येतो, मग तू दिसतोस," म्हणायचास आणि अत्तराचा फाया माझ्या कानात खोचायचास. कुणाच्या लग्नाला निघालो की न मागता. शेवटचा फाया अजून कोटाच्या खिशात आहे. हुंगून पाहिला. टर्पेंटाईनचाच वास आला.

माझ्या चुका तू तुझ्या मालापेक्षा नीट लावून ठेवल्या होत्यास. कुणी गिऱ्हाईक आलं की एक काढून दाखवायचास. वैद्यांची पाटी मी न्हाव्याच्या दुकानावर लावून आलो, आणि तापाची दोन माणसं दाढी करून परतली, ती गोष्ट तू किती जणांना सांगितलीस! नाटक मंडळीसाठी भाटघरच्या धरणाचा पडदा रंगवला, त्यात भिंतीच्या दोन्ही अंगांना पाणी सारखंच. पहिल्या रांगेतले इंजिनिअरसाहेब म्हणाले, मग भिंत कशाला बांधली आम्ही? हॉटेलाच्या भिंतीवर सिंह काढला, त्याला एका म्हातारीनं भाकरीचा तुकडा टाकला. या सगळ्या खऱ्या गोष्टी. मी त्या स्वतःच रंगवून सांगायचो, कारण लोक हसले की मला बरं वाटायचं. नाटकवाल्याला टाळी लागते, तसा मला लोकांचा हशा लागायचा.

आणि आपल्या सगळ्यांची आवडती गोष्ट म्हणजे दोन नावांच्या मोटारीची. ती मी तुझ्यादेखत शंभरदा सांगितली असेल. आज ती एकदा तुला सांगायची आहे. या खेपेला हसवायला नाही.

लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा पेट्रोल पैसे टाकले की मिळत होतं, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या नव्हत्या. भोरहून पुण्याला 'शुभोदय मोटर सर्व्हिस कंपनी'च्या सहा मोटारी जायच्या. कंपनी चालवायचे ते बापूसाहेब. उंच, गोरे, बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच शहाणे. त्यांनी तुला हेरलं ते उगाच नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यात असं घर नव्हतं की जिथल्या बाईनं तुझ्या पेटीतलं कुंकू लावलं नाही. बापूसाहेबांनी तुझ्या दुकानाच्या कपाळावर 'शुभोदय बुकिंग ऑफिस' अशी पाटी लावली (मी रंगवलेली, बिनचूक), आणि तुझ्यापुढं बेत मांडला. नसरापूरहून वेल्ह्यापर्यंत मोटार न्यायची. त्यासाठी कंपनीला भांडवल हवं. खोऱ्यातल्या लोकांकडं रोकड नसते, पण भात असतं. त्यांनी भात घालावं आणि कंपनीचे शेअर घ्यावेत.

तुला त्या मोटारीचं वेड लागलं. कारण तू त्या वाटेनं चालत होतास आणि आजारी माणसाला झोळीत घालून नसरापूरला आणणारी माणसं तुला वाटेत भेटत होती. एकदा तूही एका झोळीला खांदा दिलास. ती बाई नसरापूर दिसण्याआधी गेली. त्या संध्याकाळी तू चहा घेतला नाहीस. मला म्हणालास, "नाऱ्या, मोटार असती तर दीड तासाचं काम होतं रे."

मग तू पेटीत कुंकवाच्या पुड्यांबरोबर शेअरचे कागद घेऊन हिंडू लागलास. लोकांनी कंपनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी तुला पाहिलं होतं.

आता माझा भाग.

भाटघरला धरणाच्या अलीकडं कंपनीची शेड होती, तिथं बापूसाहेबांनी मला बोलावून घेतलं. सहा पत्र्याच्या पाट्या करायच्या, 'शुभारंभ मोटर सर्व्हिस कंपनी' अशा. रंगवून, पोत्यात गुंडाळून ठेवायच्या आणि सांगेपर्यंत कुणाला दाखवायच्या नाहीत. मी विचारलं, दुसरी कंपनी निघतेय का? बापूसाहेब पान लावत होते. ते म्हणाले, "पहिली बसणार, म्हणून दुसरी निघणार. शुभोदयचं दिवाळं काढायचंय. घाबरू नकोस, मोटारी कुठं जात नाहीत." आणि मग मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावून सांगितलं. कंपनीच्या डोक्यावर देणी फार झाली. संस्थानच्या कोर्टात दिवाळ्याचा अर्ज द्यायचा, कोर्ट मोटारी लिलावात काढणार, लिलावात बोली मेहुणा लावणार, आणि मेहुण्याची नवी कंपनी पुण्याला, इंग्रजी मुलखात नोंदलेली तयारच आहे. घेणेकरी जुन्या कंपनीला शोधत बसतील. मी म्हटलं, आणि शेअरवाले? ते म्हणाले, "शेअर म्हणजे भागीदारी. नफ्यात भाग, तसा तोट्यात भाग."

मी पाट्या रंगवल्या, उस्मान. जाणूनबुजून रंगवल्या. चुकून नाही.

चूक पुढं झाली. पाट्या संपल्या, आणि शेडमध्ये चार नंबरची मोटार दुरुस्त होऊन उभी होती. हातात ओला ब्रश, समोर मोटारीचं भलंमोठं गुळगुळीत अंग. नवी अक्षरं अंगावर कशी दिसतील, हे बघायचा मोह झाला. एका बाजूचं जुनं नाव पुसून मी 'शुभारंभ' काढलं. निळ्यावर पिवळं, अक्षराला तांबडी सावली. आयुष्यात मी इतकं सुंदर काही काढलं नव्हतं. म्हटलं, जरा बघून घेऊ आणि मग वर हात मारू. मांडी घालून बघत बसलो आणि डोळा लागला. तेवढ्यात दोन नंबरची मोटार कुठंशी बंद पडली, म्हणून ड्रायव्हर आला आणि चार नंबर घेऊन गेला.

तो बाजारचा दिवस. मोटार पेठेतून गेली तेव्हा डाव्या अंगाच्या दुकानदारांनी 'शुभोदय' वाचलं आणि उजव्या अंगाच्यांनी 'शुभारंभ'. दोन्हीकडची माणसं आपापलं खरं म्हणून रस्त्याच्या मध्ये भांडायला आली. एक पैलवान म्हणाला, मी चढलो एका कंपनीत आणि उतरलो दुसऱ्या कंपनीतून, मग तिकीट कुणाला देऊ? इथपर्यंत तू नेहमी हसायचास. पोट धरून.

त्यापुढचं मी कधी सांगितलं नाही.

बापूसाहेब रागावले नाहीत. मला शेडमागं नेऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चुकतोसच. आणखी एक चूक म्हणून सांग. गाव हसेल आणि विसरेल." आणि मला एक पास दिला, सहाही मोटारींत जन्मभर फुकट फिरायचा.

संध्याकाळी तू आलास. पायरीवर बसला नाहीस, उभाच होतास. सकाळपासून मी पेठेत हीच गोष्ट दहाजणांना सांगून हसवलं होतं, तुलाही तीच सांगायला लागलो. तू हात वर करून थांबवलंस.

"नाऱ्या, हसणं राहू दे. हे दुसरं नाव आलं कुठनं? मला परवा खोऱ्यात जायचंय. शेवटचं भात उचलायचंय. काही असलं तर आत्ता सांग."

मी म्हटलं, "काय असणार? पुण्याच्या एका माणसाचं काम होतं, भलत्याच मोटारीवर काढलं. चुकलो रे."

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालास, "गाढवा," आणि बसलास. आपण चहा घेतला.

मी खोटं का बोललो? पाससाठी, असं म्हटलं तर सोपं जाईल. बापूसाहेबांना भिऊन, असंही म्हणता येईल. खरं कारण याहून हलकं आहे. दिवसभर लोक हसत होते, आणि हसणाऱ्या लोकांपुढं खोटं बोलायला काही कष्टच पडत नाहीत. इतक्या खऱ्या चुका गाठीला होत्या की एक खोटी त्यांत सहज खपून गेली. तू परवा खोऱ्यात गेलास आणि शेवटचं भात घेऊन आलास.

वीसेक दिवसांनी कंपनीच्या दाराला कोर्टाचा कागद चिकटला. लिलाव झाला, बोली लावायला मेहुणा एकटा. त्याच आठवड्यात सहाही मोटारींवर माझ्या पाट्या चढल्या. तेच ड्रायव्हर, तीच वेळ, सीटच्या फाटक्या जागासुद्धा त्याच. आणि माझा जन्मभराचा पास 'शुभोदय'चा होता, तो नव्या कंडक्टरनं वाचून माझ्या हातात परत दिला. लाच खाऊन ती लाचसुद्धा दिवाळ्यात घालवलेला माणूस दुसरा दाखव मला. हे तुला सांगितलं असतं तर किती हसला असतास! आणि हेच तर सांगता येत नव्हतं.

पुढच्या बाजाराला तू तो दिवा लावलास.

जुन्या पेठेचा तो रिवाज, तुझ्या बापानं तुला सांगितलेला. दुकान बुडालं की दुकानदारानं गादी उलटी टाकायची, भर दिवसा दुकानात दिवा लावायचा आणि त्याच्या शेजारी मान खाली घालून बसायचं. घेणेकऱ्यांनी यावं, काय बोलायचं ते तोंडावर बोलावं. आपण दोघांनी तो फक्त ऐकला होता. तुझ्यावर तर कायद्यानं कवडी लागत नव्हती. शेजारच्या शंकरशेठ वाण्यांनी तुला तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, अरे, हा रिवाज तुमच्यातला थोडाच! तू म्हणालास, दुकान तर पेठेतलंच आहे ना.

वेल्ह्याकडची माणसं आली. मला वाटलं होतं, दगड पडतील. ती नुसतीच उभी राहिली. वारा होता, ज्योत हलत होती. एक म्हातारा पुढं आला, त्यानं दिव्याला हाताचा आडोसा धरला. हौसाबाई म्हणून ती खोऱ्यातली ठसक्याची बाई, तीच बोलली. "तुमी कशापायी बसलाय, आतारदादा? ज्यानं बुडीवलं त्यो कुठं हाय?"

तू म्हणालास, "तुम्ही भात त्यांना नव्हतं दिलं, बाई. मला दिलं होतं."

नेमके तेव्हाच बापूसाहेब रस्त्यानं चालले होते. थांबले. तुझी कीवच आली त्यांना. म्हणाले, "आतार, उगाच तमाशा करता. कंपनी वेगळी, माणूस वेगळा. कंपनी मेली. मी थोडाच मेलोय, का तुम्ही?"

तू मान वर केलीस. "मेली म्हणता, मग मयत दाखवा की साहेब. मयत तर रोज सकाळी तीस माणसं घेऊन पुण्याला जातंय."

लोक हसले. बापूसाहेबही हसले आणि गेले. त्यांना हसणं परवडत होतं.

आणि मी कुठं होतो? तुझ्या डोक्यावर. 'शुभोदय बुकिंग ऑफिस'ची पाटी उतरवायला बापूसाहेबांनी मला पाठवलं होतं. शिडीवर उभा राहून मी खिळे काढत होतो आणि खाली तुझी टोपी, उलटी गादी आणि तो दिवा. एक खिळा निघेना, तो ओढताना शिडी हलली. खिशाला अडकवलेल्या डब्यातला तांबडा थेंब तुझ्या गादीवर पडला. तू वर पाहिलंस आणि म्हणालास, "जपून. पडशील."

त्या वेळी उतरून सांगायला हवं होतं. शिडीला सातच पायऱ्या होत्या.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी आपण त्यावर वाद घातला. मी मुद्दाम उलट बाजू घ्यायचो. म्हणायचो, दिवाळ्याचा कायदा वाईट नाही. पूर्वी बुडालेला माणूस देशोधडीला लागायचा, त्याची पोरं सावकाराच्या दारात राबायची. त्यापेक्षा कोर्टानं एकदा रेघ मारावी, माणसानं पुन्हा उभं राहावं, यात काय पाप? तू म्हणायचास, काहीच नाही. पडलेल्याला हात द्यायलाच पाहिजे. "पण पडणं वेगळं आणि आडवं होणं वेगळं, नाऱ्या. हे आडवे झाले. अंगाखाली लोकांचं भात घेऊन."

मी विचारायचो, कोर्टाला हे कळावं कसं? कागदावर दोघेही सारखेच. तू म्हणायचास, कागदावर कळणार नाही, म्हणून तर माणसाला दिव्याजवळ बसवायचं. भर उजेडात, शिव्या देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बसायचं ठरलं तर आडवं व्हायची हौस कितीजणांना राहील? कंपनीला तोंड नाही, म्हणून तिला शरमही नाही. मी म्हणायचो, शरमेनं खोऱ्यातल्या लोकांचं भात परत आलं का? तुझ्या दिव्यानं मोटार वेल्ह्याला गेली का? तिथं तू गप्प व्हायचास. तो वाद मी जिंकला, असं मी धरून चाललो होतो. खरं तर तिथं तो अर्धाच राहिलाय. तू उत्तर शोधत होतास की मला एखादी संधी देत होतास, हे आता कुणाला विचारू?

उत्तर तू तोंडानं दिलं नाहीस, पायांनी दिलंस, हे मला बघूनही दिसलं नाही. त्या दिवसापासून तू शुभारंभच्या मोटारीत पाय ठेवला नाहीस. भोरहून वेल्ह्याच्या खोऱ्यापर्यंत पेटी डोक्यावर घेऊन चालत. ज्यांनी भात घातलं त्यांच्या घरी कुंकवाचे, काकणांचे पैसे घेत नव्हतास, हे गावाला माहीत होतं. किती वर्षं, ते कुणी मोजलं नाही. तूही नाही.

एकदा मी पुण्याहून त्याच मोटारीनं येत होतो, तिकीट काढून. नसरापूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला पेटी दिसली आणि पेटीखाली तू. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तू बाजूला झालास, आणि मोटारीची सगळी धूळ तुझ्यावर गेली. मी काय केलं असेल? खाली वाकलो आणि सीटखाली वहाण शोधायला लागलो. वहाण पायातच होती. शेजारचा म्हणाला, काय हरवलं पेंटर? मी म्हटलं, काही नाही, सापडली. मागल्या काचेतून पाहिलं तेव्हा तू पदरानं पुसावी तशी बाहीनं पेटी पुसत होतास. अंग नाही, आधी पेटी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू मला फाया दिलास. म्हणालास, "काल धूळ फार होती." मी म्हटलं, हो का?

तुझ्या मयतीला खोऱ्यातली माणसं चालत आली. उशीर झाला त्यांना, तुला माती दिल्यावर पोचली. हौसाबाई काल पुन्हा आली, आजच्या बाजारासाठी मुक्कामानं. वहिनींना भेटून माझ्या दुकानाशी थांबली. मला वाटलं, पाणी हवं असेल. ती म्हणाली, "पेंटर, तुमी लई एकटं पडला असाल, म्हनून आले." आणि पायरीवर बसून तुझ्या आठवणी काढायला लागली. बोलता बोलता म्हणाली,

"म्या शेवटाला भात देत न्हवते, ठावं हाय का? आमच्या थोरल्यानं भोरच्या बाजारात ती दोन नावांची मोटार बगितली व्हती. म्या म्हनलं, आतारदादा, ह्यात कायतरी हाय. तर म्हनले, हौसाबाई, त्यो पेंटर माझा दोस्त हाय. त्यो चुकतो लई, पर खोटं बोलत न्हाई. मंग दिलं." आणि पदरानं डोळे टिपून म्हणाली, "तुमचं लई नाव काडायचे ते."

ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती, उस्मान.

मी तिला पाणी आणून दिलं. इतकी वर्षं गप्प राहिल्याची सवय एका दुपारीत मोडत नाही. ती गेली. मी रात्रभर तुझं वाक्य रंगवत राहिलो, मनातल्या मनात, मोठ्या अक्षरांत, निळ्यावर पिवळं. तू मला जी पाटी दिली होतीस ती मी वाचलीच नव्हती. तिच्यावर भरवसा ठेवून एका बाईनं भात दिलं, आणि बापूसाहेबांच्या दिवाळ्यात खोऱ्याचं भात गेलं ते गेलंच. पण हिचं भात मी बुडवलं, मी एकट्यानं. त्यांच्याकडं निदान कोर्टाचा कागद होता.

तू ओळखलं होतंस का रे? दोन नावांच्या मोटारीची गोष्ट मी सांगायचो तेव्हा तू सगळ्यांबरोबर हसायचास, आणि हसून झालं की कपातला राहिलेला चहा उगाच गोल फिरवत बसायचास. ते ओळखणं होतं, की चहा गार झालेला असायचा?

आज बाजार. सकाळी दुकान उघडलं आणि गादी उलटी टाकायला गेलो. माझ्याकडं गादी कुठली? एक स्टूल आहे, ते उलटं ठेवलं. मग बसायला काही राहिलं नाही, म्हणून रंगाच्या डब्यावर बसलोय, आणि डबा ओला होता हे बसल्यावर कळलं. पुढ्यात दिवा. तेल कंट्रोलचं, त्यासाठी परवा तास दीड तास रांगेत उभा होतो. हे लिहितोय ते त्याच्या शेजारी बसून.

मघाशी शंकरशेठ येऊन उभे राहिले. आधी दिव्याकडं पाहिलं, मग उलट्या स्टुलाकडं, मग माझ्याकडं.

"पेंटर, दिवाळं काढलंस? तुला उधार तरी कुणी दिलं होतं?"

मी वात थोडी पुढं सारली.

"अरे, दुकान चुकलास. तो दिवा समोरचा होता. विझव तो, तेलाचा भाव काय झालाय. आधीच तुझ्या चुका थोड्या आहेत काय?"

"चुकून नाही लावला, शेठ."

त्यांनी पुन्हा दिव्याकडं पाहिलं. मग पायरीवरच टेकले. मी म्हटलं, त्या मोटारीची गोष्ट सांगायची आहे. ते हसले. "दोन नावांची? शंभरदा ऐकलीय की."

"नाही ऐकलेली. पण थांबा जरा. आधी हौसाबाई येऊ द्या. भात तिचं होतं."

शंकरशेठ आता हसत नाहीत. बसून आहेत. वेल्ह्याकडची माणसं यायची वेळ झाली. खरं तर ऐकायचा पहिला हक्क तुझा, उस्मान. तो मी बुडवला. त्याला आता कुठलं कोर्ट नाही आणि कुठला दिवा नाही.

पेठेच्या तोंडाशी हौसाबाईची टोपली दिसायला लागलीय. वारा सुटलाय. एका हातानं ज्योत झाकतोय आणि एका हातानं लिहितोय, म्हणून शेवटच्या ओळी तिरक्या गेल्यात. पेंटर असून अक्षर वाकडं. हसायचं तर हस.